चार बोटांची चटई

त्या बेटावर बघण्यासारखं काय काय आहे, हे धक्क्यावरच्या फळ्यावर रंगवून लिहिलेलं होतं. धबधबा, वटवाघळांची गुहा, खारफुटीतून लाँचची फेरी, प्रवाळाचं हिरवं तळं आणि सगळ्यात शेवटी, जरा मोठ्या अक्षरांत, ‘स्थानिक संस्कृती’. आता धबधबा म्हणजे धबधबा आणि गुहा म्हणजे गुहा, त्यात कुणाला शंका येत नाही. पण स्थानिक संस्कृती म्हणजे नक्की काय, असं कुणी विचारलं तर लाँचवाला खाडीकाठच्या एका पत्र्याच्या घराकडे बोट दाखवायचा. तिथे ओट्यावर एक बाई केवड्याच्या पानांची चटई विणत बसलेली असायची. ती बाई म्हणजेच संस्कृती. बाकी काही नाही.

लाँचवाला तोंडाचा फटकळ. तो तिला सरळ ‘संस्कृतीबाई’ म्हणूनच हाक मारायचा. ‘काय संस्कृतीबाई, आज दोन फेऱ्या आहेत हं, कंबर सांभाळा!’ तीही काही कमी नव्हती. ‘माझ्या कंबरेचं मी बघते, तू आपलं इंजिन बघ. परवा गुहेपाशी बंद पडलं, तर पाहुण्यांना वल्ही मारायला लावलीस म्हणे!’ आणि मग दोघंही खदाखदा हसायची.

कार्यक्रम ठरलेला. पाहुण्यांना आधी धबधबा दाखवायचा, मग गुहा, मग जेवण. आणि जेवणानंतर डोळे जड झाले की संस्कृतीकडे आणून बसवायचं. ती पानांच्या वाळलेल्या पट्ट्या सुरीच्या पाठीने ओढून मऊ करायची, मग एकीखालून एक सरकवत चटईची सुरुवात करायची. हात असे भराभर चालायचे की बघणाऱ्याला गरगरावं. पाहुणे वा वा करायचे, फोटो काढायचे, एखादी हौशी बाई शेजारी बसून पट्टी उलटी घालायची आणि सगळे हसायचे. चार बोटं रुंदीचं विणून होतंय न होतंय तोच लाँचचा भोंगा वाजायचा. ओहोटी लागली की लाँच चिखलात रुतते, मग संस्कृती राहते बाजूला आणि ढकलाढकली सुरू होते. पाहुण्यांची पाठ वळली की ती विणलेलं सगळं उलगडायची आणि पट्ट्या ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच पट्ट्या, पुन्हा तीच चार बोटं. नवीन पानं तोडा, काटे काढा, उकळा, वाळवा, हा उपद्व्याप रोज कोण करतो! वर्षानुवर्षं असंच चाललं होतं आणि कुणाचं काही अडलं नव्हतं.

‘पूर्ण झाली की कशी दिसते?’ असं कुणी विचारलंच, तर ती दोन्ही हात पसरून म्हणायची, ‘अशी, भली मोठी!’ दाखवायला घरात एकही पुरी चटई नव्हती. होत्या त्या सुरुवाती सुरुवातीला पाहुण्यांनीच हौसेने उचलल्या. शेवटची एक रुंद टोपीवाली बाई घेऊन गेली, तेव्हा हिला उलट बरंच वाटलं होतं. आपली चटई विमानात बसली म्हणून.

आणि मग लेक आली.

लेक लग्न होऊन समुद्रापार गेलेली, मोठ्या शहरात, इमारतीच्या कुठल्याशा वरच्या मजल्यावर राहणारी. तिला दिवस गेले होते. बाळंतपण तिकडेच करायचं होतं, दवाखाना तिकडे चांगला. पण त्याआधी थोडे दिवस आईकडे राहू दे, म्हणून आली. खाल्लं, झोपली, आईच्या मागे मागे फिरली. एकदा ओट्यावर पाय पसरून बसली होती, तेव्हा म्हणाली, ‘आई, मला तुझ्याकडून काही म्हणजे काही नको. फक्त बाळाला निजवायला तुझ्या हातची एक चटई दे. मी लोळायचे ना, तसलीच. तिकडे सगळ्यांना सांगून ठेवलंय मी, माझी आई विणते म्हणून.’

‘देते की! त्यात काय एवढं!’ आई म्हणाली. म्हणून बसली खरी, आणि लगेच उठून उगाचच चुलीपाशी गेली.

का, ते आता सांगायलाच हवं. लेक ज्या चटईवर लोळली होती, ती तिच्या आईची नव्हती. म्हणजे होती, पण अर्धी.

त्या घरात चटई एका बाईने कधी विणलीच नव्हती. सासूने दोन्ही सुनांना हाताखाली घेतलं आणि दोघींचे हात बघून कामं वाटून दिली. धाकटी, म्हणजे लेकीची आई, चपळ. सुरुवातीला पट्ट्या निसटतात, त्यांना झटक्यात पकडावं लागतं, ते तिचं काम. थोरली शांत. तिला काठ दिला. चटईचा काठ म्हणजे खेळ नव्हे. प्रत्येक पट्टीचं टोक मागे दुमडून विणीत असं दडवायचं, की शोधून सापडू नये; आणि चारही कोपऱ्यांवर ती टोकं एकमेकांत अडकवायची अशी काही खुबी होती, की मग चटई पोरांनी ओढली, मांजराने ओरबाडली, तरी सुटायची नाही. मधलं कुणीही विणायचं. पण सुरुवात धाकटीची आणि काठ थोरलीचा, हे ठरलेलं. थोरलीने दोनतीनदा शिकवायला घेतलं होतं. ‘अगं, बघून तरी ठेव.’ पण धाकटी कसली ऐकतेय! ‘जाऊबाई, ते किचकट काम तुम्हालाच शोभतं,’ असं म्हणून चटई त्यांच्या पुढ्यात सरकवायची आणि पदर झटकून उठायची. जाऊबाईही हसून घ्यायच्या. त्या वयात कुणाला वाटतं की माणसं कायम अशीच समोरासमोर बसणार नाहीत!

मग सहली काढणारा माणूस बेटावर आला. फिरता फिरता ओट्यापाशी थांबला. धाकटी विणत बसली होती, तिचे हात बघून खूश झाला. म्हणाला, पाहुण्यांना दाखवायला मला अशीच एक बाई हवी आहे. एकच. आणि सहज विचारलं, ‘अख्खी चटई तुम्हीच विणता?’

‘हो, मीच,’ ती म्हणाली.

इतकंच. मनात काही काळंबेरं नव्हतं हो, जीभ पुढे धावली. त्याने ‘एकच’ म्हटलं आणि हिला वाटलं, आपण खरं सांगितलं तर हा थोरलीला घेईल, नाहीतर दोघींनाही सोडून पुढच्या घरी जाईल. थोरली आत भाजी निवडत होती. मधे एक पडदा. तिने ऐकलं की नाही, हे हिला त्या दिवशी कळलं नाही, आणि विचारायची छाती झाली नाही.

थोरलीने भाजी निवडून रोजच्यासारखी फोडणीला टाकली. पुढे तिच्या मुलाने खाडीपलीकडे, धबधब्याच्या वाटेवर घर बांधलं. नातवंडांना बघायला कुणी नाही, असं म्हणून ती आपली पेटी घेऊन तिकडे गेली. भांडण झालं असतं तर फार बरं झालं असतं. भांडणानंतर माणसं कधी ना कधी बोलतात. इथे भांडणच नव्हतं, तर मिटवायचं काय? आज जाऊ, उद्या जाऊ करत वर्षं निघून गेली. ही पलीकडे गेली नाही. निरोप मात्र यायचे जायचे. लाँचवाल्याच्या हाती कधी नारळ जायचे, कधी तिकडून केळीचा घड यायचा. चटईचं नाव कुणी काढायचं नाही.

तर आता ही लेकीसाठी चटई विणायला बसली. नवीन पानं तोडून आणली, उकळली, अंगणात वाळत घातली. लेक कौतुकाने बघत होती. आणि पहिल्याच बैठकीला काय व्हावं! चार बोटं विणून झाली आणि हिचे हात आपोआप उलगडायला लागले. लेक ओरडली, ‘अगं आई, काय करतेस?’ तेव्हा ही भानावर आली. ‘काही नाही, जरा सैल पडलं होतं,’ म्हणाली. दुसऱ्यांदाही तसंच झालं. मग तिने चार बोटांपाशी आलं की हात मांडीखाली दाबून थोडं बसून राहायचं आणि मग पुढे विणायचं, असं सुरू केलं. हसू येईल ऐकून, पण तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आपल्या हातांना आपण हे काय शिकवून ठेवलं, असं तिला झालं.

तरी चटईचं अंग चांगलं विणून झालं. घट्ट, सरळ, बाळ लोळून लोळून दमेल एवढं. घोडं अडलं ते काठापाशी.

तिने टोकं मागे दुमडून पाहिली. ती ताठ होऊन पुन्हा बाहेर आली. सुईदोऱ्याने टाचून पाहिलं. चटई गुंडाळली तशी पानं दोऱ्याशी फाटली. डोळे मिटून जाऊबाईंचे हात आठवायचा प्रयत्न केला. त्यांच्या बांगड्या आठवल्या, अंगठ्यावरचा चिरल्याचा डाग आठवला, त्या काठ घालताना खालचा ओठ दाताखाली धरायच्या तेसुद्धा आठवलं. बोटं काय करायची, ते काही केल्या आठवेना. आठवणार कुठून? तेव्हा ही पदर झटकून उठून गेलेली असायची.

‘झाली का गं?’ लेक विचारायची.

‘झालीच. ओल जाऊ दे थोडी.’

नवरा सगळं बघत होता. जाळं दुरुस्त करता करता, मान वर न करता तो म्हणाला, ‘वहिनीकडे घेऊन जा की.’

‘तुम्ही गप्प बसा. तुम्हाला काय कळतंय त्यातलं?’

‘मला एवढंच कळतं, की काठ वहिनी घालायची.’

तिने त्याच्यावर डोळे वटारले. पण त्याने पुढे काही म्हणायची गरजच नव्हती. लेकीची निघायची वेळ येऊन ठेपली होती. उद्या सकाळच्या लाँचने ती जाणार, आणि चटई अजून ‘ओली’च. शेवटी त्या दिवशी हिने लाँचवाल्याला सांगितलं, पाहुण्यांना आज तळ्यावर जास्त वेळ बसव, संस्कृतीला सुट्टी आहे. आणि चटई काखेत मारून, पाहुण्यांच्याच लाँचमध्ये चढून पलीकडे निघाली.

लाँचवाल्याला कसला धीर! ‘ह्याच त्या! फळ्यावर लिहिलंय ना, त्याच ह्या!’ पाहुण्यांनी लगेच फोन वर केले. एरवी ती ऐटीत हसली असती. आज तिने चटई पाठीमागे लपवली. लाँच खारफुटीच्या मुळ्यांमधून वळणं घेत गेली, पाण्यावर हिरवी सावली पडली होती, बगळे उडून पुन्हा तिथेच बसत होते. पाहुणे वेडे झाले होते बघून. मग डोंगर उघडला आणि धबधबा दिसला. इतकी वर्षं तिच्या आधी या धबधब्याचा नंबर लागायचा, पण तिने त्याला पाहिलं नव्हतं. तो ज्या बाजूला, तिथे जाऊबाई. म्हणून ती कधी आलीच नाही. पांढरंशुभ्र पाणी वरून खाली पडत होतं, तुषार तोंडावर येत होते, आणि इतकं सुंदर काही आपण असं खाली मान घालून बघतोय, याचं तिला फार वाईट वाटलं.

जाऊबाई घरासमोर सावलीत बसल्या होत्या. थकल्या होत्या, अंगाने अर्ध्या राहिल्या होत्या. हिला बघून त्यांनी कपाळावर आडवा हात धरून निरखलं आणि मग ओळख पटली तशा बाजूला सरकल्या.

‘आलीस? ये, बस. उन्हातून आलीस, आधी पाणी पी.’

ना ‘इतक्या दिवसांनी कशी आठवण झाली’, ना एखादा टोमणा. हिने मनात सतरा उत्तरं तयार करून आणली होती, त्यांतलं एकही लागलं नाही. पाणी प्यायली. लेकीचं सांगितलं. मग चटई त्यांच्या मांडीवर ठेवली, अगदी पूर्वी ठेवायची तशीच, आणि म्हणाली, ‘काठ राहिलाय.’

जाऊबाईंनी चटईवरून तळहात फिरवला. ‘सुरुवात अजून तशीच आहे गं तुझी. घट्ट.’ त्यांना खरंच आनंद झाला होता. ‘पोरीच्या बाळाला का! आण, आण. फडकं भिजवून दे मला.’

खालचा ओठ दाताखाली गेला. बोटं जरा अडखळली आणि मग चालू लागली. एक टोक मागे, दुसऱ्याखालून, आत. एक टोक मागे, दुसऱ्याखालून, आत. एक बाजू सरळ झाली. हिचा जीव भांड्यात पडला. या वेळी ही उठून गेली नाही. डोळे फाडून बघत राहिली.

पुढे कोपरा आला. जाऊबाईंनी टोकं एकमेकांत घातली, ओढली. सुटली. ‘थांब हं.’ पुन्हा घातली, या वेळी उलट्या बाजूने. धरली, सोडली, पुन्हा सुटली. मग त्यांनी कोपरा तसाच ठेवून दुसरी बाजू केली, तिसरी केली, चौथी केली. म्हटलं, हात तापला की येईल. नाही आला. चटई गोल फिरवून त्या प्रत्येक कोपऱ्याशी जाऊन आल्या. शेवटी हात मांडीवर ठेवून बसल्या.

‘गेलं गं. हाताला आठवत नाही.’

‘असं कसं, जाऊबाई? इथे तुम्ही विणत असाल ना?’

‘काय विणणार? सुरुवात कोण करून देणार मला?’ त्या म्हणाल्या. ‘पहिल्यांदा बसले होते करायला. चार पट्ट्या धड राहिनात. सुनेला म्हटलं, ती हसली. मग सोडून दिलं. कोपरा नुसता घालता येत नाही ना गं, समोर चटई असावी लागते.’

बेटावर दुसरं कोण होतं? कुणी नाही. इतर घरांत कधीच बाजारातल्या प्लॅस्टिकच्या चटया आल्या होत्या. ज्या कलेचं नाव धक्क्यावर एवढं मोठं रंगवलं होतं, तिचा एक अर्धा भाग अलीकडे रोज उलगडला जात होता आणि दुसरा अर्धा पलीकडे रिकाम्या हाताने बसून विसरला गेला होता. आणि हे कुणामुळे, ते त्या सावलीत बसलेल्या दोघींनाही ठाऊक होतं.

‘जाऊबाई, त्या दिवशी तो माणूस आला तेव्हा मी...’

‘ऐकलं होतं मी. आतच तर होते.’ जाऊबाई चटईवरचे तुकडे झटकत होत्या. ‘राग आला होता. नाही कशाला म्हणू? पण राग काय, निघून गेला महिन्या दोन महिन्यांत. मी इकडे आल्यावर रोज लाँच बघायचे. वाटायचं, हिला काठ येत नाही, ही एखादी अर्धी चटई धाडेल. लाँचवाल्याच्या हाती नुसती धाडायची होतीस गं, निरोपसुद्धा नको होता. मी काठ घालून गुपचूप परत पाठवली असती. कुणाला कळणार होतं? तुझं नाव राहिलं असतं, आणि माझा हात राहिला असता.’

ती जाऊबाईंच्या गुडघ्यावर डोकं टेकून लहान मुलीसारखी रडली. जाऊबाई तिच्या पाठीवर हात फिरवत होत्या, आणि दुसऱ्या हाताने अजूनही कोपऱ्याची टोकं चाचपत होत्या. लाँचचा भोंगा वाजला तेव्हा म्हणाल्या, ‘चटई ठेवून जातेस का? उद्या परवा आठवेल एखादवेळी.’

‘उद्या पोर जातेय, जाऊबाई.’

‘हो का. मग ने. कोपरे जपायला सांग.’

घरी आल्यावर तिने लेकीला सगळं सांगितलं. एकही शब्द झाकला नाही. लेक रागावेल, हसेल, काहीतरी म्हणेल असं वाटलं होतं. ती कितीतरी वेळ चटईच्या काठावरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, ‘मोठी काकू तर मला फक्त कडेला बसलेली आठवते. मला वाटायचं, ती तुला सोबत म्हणून बसते.’

सकाळी लाँच निघाली. लेक बाकावर बसली होती, मांडीवर चटईची गुंडाळी. एका कोपऱ्याची टोकं आत्ताच वर यायला लागली होती, आणि ती सुटू नयेत म्हणून तिने त्यांवर अंगठा दाबून धरला होता. आईला हात करायलासुद्धा तिने तो काढला नाही, दुसरा हात हलवला. धक्क्यावरून आईला तो अंगठाच दिसत होता. समुद्र ओलांडायचा होता, पुढे विमान होतं, बाळ व्हायचं होतं. पोर किती वेळ धरून बसणार होती!